अर्धा ताणा

म्हातारीच्या थोरल्या मुलानं मागावर बसायचं सोडलं त्याला बारा दिवस झाले होते, आणि सोडलं तेही सांगून नाही. पहिल्या दिवशी पाठ धरली म्हणाला. दुसऱ्या दिवशी मीटिंग आहे म्हणाला. तिसऱ्या दिवसापासून काही म्हणायचंच बंद केलं. सकाळी उठायचं, इस्त्रीचा सदरा चढवायचा, मागाच्या खड्ड्याकडे पाहुण्यासारखं बघायचं आणि निघून जायचं. म्हातारीला काम टाळल्याचा तेवढा राग नव्हता. माणूस कंटाळतो. तिचा नवरा दोनदा कंटाळून घर सोडून गेला होता आणि दोनदा पोटात कावळे ओरडल्यावर गुपचूप परत आला होता. राग होता तो थोरल्याच्या चालण्याचा. हात मागे बांधून, मान ताठ करून, पोट पुढे काढून तो घरातल्या घरात असा चालायचा, जणू मागे दहा माणसं येताहेत.

"आधी पोटाला आत येऊ दे," ती एकदा दाराशी म्हणाली, "मग सावकाश तू ये."

सून तोंड फिरवून हसली. थोरला हसला नाही. पूर्वी हसला असता.

निवडणूक लागली होती. आळीत समाजाचा एक माणूस हवा म्हणून पक्षाची माणसं आली, आणि कुणाच्या तरी डोळ्यांत थोरला भरला. त्याच्या गळ्यात फोटोचं कार्ड आलं, त्यावर त्याच्या नावाखाली 'प्रमुख' असं छापलेलं. पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाला जन्मात कुणी प्रमुख म्हटलं नव्हतं. आई हयात असलेल्या घरात तशी सोयच नव्हती.

आळी लांब आणि दोरी धरल्यासारखी सरळ होती. म्हणून तर विणकर तिथे वसले. एका बाजूला म्हातारीच्या समाजाची घरं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या समाजाची. देव वेगळे, लग्नं वेगळी, मेलेल्याला पोचवायची रीतही वेगळी. माग मात्र दोन्हीकडे सारखेच, आणि ताणा रस्त्यावर आला की बाजू उरत नव्हती. मागावर चढवायच्या आधी सगळं उभं सूत आळीभर ताणून धरायचं, त्याला शिजवलेली खळ पाजायची, आणि दोन्ही अंगांनी चार-चार माणसांनी लांब कुंचे धरून एका पावलानं चालत ते विंचरायचं. सगळे कुंचे एकाच दिशेनं. ऊन चढायच्या आत सूत सुटं आणि गुळगुळीत होऊन वाळलं पाहिजे. उशीर झाला की खळ आवळते, धागे एकमेकांना चिकटतात, आणि मग ते सूत चुलीत घालायच्या लायकीचं राहतं. आठ माणसं कुठल्याच एका घरात नव्हती. म्हातारीकडे चार होती: ती, दोन मुलगे, सून. समोरच्या घरात चार होती. आज हिचा ताणा, परवा तिचा. असं पन्नास वर्षं चाललं होतं.

समोरची आणि ती एकाच वर्षी सुना होऊन आळीत आल्या. दोघींच्या सासवा सारख्याच तिखट, म्हणून दोघी एकमेकींना जाऊबाई म्हणायला लागल्या. आळी आधी हसली, मग आळीलाही सवय झाली. नवीन कुणी आलं तर त्याला कळायचं नाही की देव एक नसताना जावा कशा. म्हातारी सांगायची, आमच्या दोघींच्या नवऱ्यांचा आळस एका घराण्यातला.

प्रचार सुरू झाला तसा उमेदवार घरी आला. आधी थोरला आला, त्यानं खाट झटकली, मागावरचं कापड उगीच सारखं केलं, आईला म्हणाला, जरा नीट बोल. मग उमेदवार आणि त्याच्या मागे पंधरा-वीस माणसं. त्या एवढ्याशा खोलीत माग, खाट आणि चूल सोडून उभं राहायला जागा नव्हती, तर माणसं खिडकीतूनही आत बघायला लागली. उमेदवार तिच्या पाया पडला. आई म्हणाला. मग त्याला मागावर बसायची हौस आली. बुटांसकट पाय खड्ड्यात सोडले, तर पायानं दाबायच्या पावड्यांत अडकले. दोघांनी काखेत हात घालून त्याला वर काढलं. मग तिला मागावर बसवून, हातात आडव्या सुताचा धोटा देऊन फोटो काढला.

फोटो निघाल्यावर त्यानं विचारलं, आई, काही अडचण? म्हातारीनं सांगितलं, पावसाळ्यात गटार तुंबून मागाच्या खड्ड्यात पाणी शिरतं, दोन महिने गुडघाभर पाण्यात पाय ठेवून विणावं लागतं, बघा माझी बोटं. आणि तिनं पाऊल पुढे केलं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून कायमच्या चिरलेल्या होत्या. उमेदवारानं पावलाकडे पाहिलं आणि पटकन नजर वर घेतली. म्हणाला, आपला माणूस निवडून आला की सगळं होईल.

"आपला म्हणजे?" ती म्हणाली. "पाणी तर दोन्ही बाजूंना शिरतं."

उमेदवार मोठ्यानं हसला. मग सगळे हसले. थोरला घाम पुसत म्हणाला, आईचा स्वभावच विनोदी आहे.

तिसऱ्या दिवशी आळीत फ्लेक्स लागला. म्हातारीच्या छपराच्या वाशापासून विजेच्या खांबापर्यंत ताणलेला, समोरच्या दाराच्या अगदी तोंडावर. त्यावर म्हातारी होती. बैलाएवढी. हातात धोटा, कपाळावर आठ्या, आणि बाजूला हात जोडलेला उमेदवार. तिला आधी हसू आलं. एवढं मोठं तोंड तिनं स्वतःचं कधी पाहिलं नव्हतं. नाकाशेजारचा चामखीळ लिंबाएवढा दिसत होता. मग खालची अक्षरं तिनं लावायला घेतली. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती, जोडाक्षराला अजून अडायची. बोट हवेत फिरवत, ओठ हलवत तिनं एकेक शब्द सोडवला. आपला धागा. आपलेच हात. आपलं मत आपल्याच समाजाला. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: परक्यांना आता थारा नाही.

शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. चुकून वेगळं लागलंय का म्हणून.

समोरच्या दारात जाऊबाई बादली घेऊन उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. पण तिचा मुलगा, टेम्पो चालवायचा म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणायचे, तो तिच्या मागे उभा राहून हळू आवाजात वाचून दाखवत होता. तो वाचत होता आणि ती फ्लेक्सकडे न बघता रस्त्यापलीकडे खऱ्या म्हातारीकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिनं बादलीतलं पाणी न शिंपडताच आत नेलं.

थोरला जेवायला आला तेव्हा म्हातारीनं ताट वाढलं नाही. आधी ते खाली काढ म्हणाली. थोरल्यानं आधी समजावलं, मग चिडला, मग दार लोटून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. फ्लेक्स आता काढता येत नव्हता. काढला तर लोक म्हणणार समोरच्यांनी फाडला. पक्षाची पोरं वाटच बघताहेत. शेजारच्या गावात नुसता एक झेंडा वाऱ्यानं पडला, तर एक दुकान जळालं आणि तीन माणसं दवाखान्यात आहेत.

"मग मीच काढते. सगळ्यांच्या देखत."

"तू काढलास तर म्हणतील समोरच्यांनी म्हातारीला धमकावलं," थोरला म्हणाला. "आई, ते आता आपल्या हातात नाही."

तो हे काळजीनं म्हणाला. तेच तिला जास्त लागलं. फुशारकी मारत म्हणाला असता तर तिनं उलटं बोलून त्याची पाठ सोलली असती. तो घाबरला होता आणि तरी त्या कार्डाचा पट्टा बोटाला गुंडाळत होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या ताण्याची पाळी होती. खळ आदल्या दिवशीच शिजवून ठेवली होती, सूत भिजलं होतं. उजाडताना धाकट्यानं आणि सुनेनं ताणा आळीभर सोडला, बांबूच्या कैच्यांवर चढवला, टोकं बांधली. म्हातारीनं बोटानं खळ चाखून बघितली, आंबली नव्हती. समोरचं दार बंद होतं. आत उजेड होता, भांड्यांचा आवाज होता. ती थांबली. हाक मारायची कधी वेळच आली नव्हती, पन्नास वर्षांत. ताणा रस्त्यावर आला की दार उघडायचंच.

"आई, सूत वाळतंय," धाकटा म्हणाला. तो फार बोलायचा नाही. ते तीन शब्द म्हणजे त्याच्यासाठी भाषण होतं.

तेवढ्यात थोरला आला आणि बरोबर पक्षाची चार माणसं घेऊन आला. गळ्यात रुमाल, पायांत बूट. आपली माणसं असताना अडतंय कुठे, म्हणाला. त्यांच्या हातांत कुंचे दिले. चौघं हौसेनं लागले. एकानं पुढे ओढला, दुसऱ्यानं मागे. तिसरा झाडल्यासारखा वरवर फिरवत होता. चौथा रुमाल सावरायला थांबला तिथे खळीचा गोळा झाला. म्हातारी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत राहिली, एका दिशेनं रे, एका दिशेनं, पाय जुळवा. तिचा श्वास छातीत मावेना. ते पाय जुळवत होते ते घोषणा देताना जुळवतात तसे, दणदण, आणि प्रत्येक दणक्याला सूत थरथरून तुटत होतं. सून खाली वाकून तुटलेले धागे सांधत होती. एक सांधेपर्यंत तीन तुटायचे. ऊन पत्र्यावर आलं तेव्हा मधला सगळा पट्टा दोरखंडासारखा आवळून बसला होता. चौघांनी हात झटकले. एक जण म्हणाला, काम भारी आहे बुवा. त्यांनी ताण्याबरोबर फोटो काढले आणि गेले.

म्हातारीनं कात्री आणून तो पट्टा स्वतः कापला. कुणाला हात लावू दिला नाही. कापताना समोरच्या खिडकीची फळी किंचित उघडी होती, हे तिला माहीत होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही.

दुपारी मात्र ती रस्ता ओलांडून गेली. बारा पावलं. दार ड्रायव्हरनं उघडलं आणि चौकटीला टेकून तिथेच उभा राहिला. आत जाऊबाई कांड्या भरत बसली होती. तिनं मान वर केली.

"या," ती म्हणाली. "बसा."

म्हातारीला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. ती बसली. मग जे बोलायचं ठरवून आली होती ते सगळं उलटसुलट बोलली. फोटो काढला तेव्हा काही सांगितलं नाही. खाली काय लिहिणार ते मला काय ठाऊक. मी काढायला निघाले होते. जाऊबाई राहाट फिरवत ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा हात जोरात चालायला लागला आणि कांडीवरचा धागा तुटला.

"तोंड तर तुझंच आहे की," ती म्हणाली. आता ती तू म्हणत होती, आणि रागानं का होईना, म्हातारीला तेवढ्यानंही जरा बरं वाटलं. "मी सकाळी दार उघडते. समोर तू. हातात धोटा, आणि मला थारा नाही म्हणतेस. मी घरात येते तरी पाठीवर तू."

ड्रायव्हर म्हणाला, काकू, आता कामाचं बोलू नका, आमच्याकडेही ठरलंय. काय ठरलंय ते जाऊबाईनंच सांगितलं. त्यांच्या समाजाचीही बैठक झाली होती. दुसरा पक्ष, दुसरा उमेदवार, पण तोही पायाच पडला होता, आणि त्यालाही सगळी मतं एकगठ्ठा हवी होती. जो कुणी पलीकडच्यांच्या ताण्याला हात लावेल त्याला आपल्यांत धरायचं नाही. तिच्या नातीचं लग्न ठरत होतं. आपल्यांत धरलं नाही तर ते मोडणार.

"तुझा मुलगा कापडावर लिहितो," ती मुलाकडे न बघता म्हणाली, "माझा कानात सांगतो. तुला निदान वाचून खात्री तरी करता आली."

तुटलेला धागा म्हातारीनं सवयीनं उचलला, जिभेनं ओला करून सांधला आणि कांडी परत तिच्या हातात दिली. ड्रायव्हर खाकरला. म्हातारी उठली.

त्या आठवड्यापासून आळीत अर्धे ताणे दिसायला लागले. चार माणसांना पेलेल तेवढंच सूत ताणायचं. अर्ध्या लांबीचा ताणा म्हणजे माग दुप्पट वेळा रिकामा करायचा, दुप्पट वेळा शेकडो टोकं सांधायची, आणि त्यात विणण्याचे दिवस जायचे. थोरला नव्हताच, म्हणून म्हातारीकडे तीनच हात उरले. चौथा कुंचा ती दुसऱ्या हातात धरायची. खांदे भरून यायचे, रात्री भाकरी मोडताना बोटं मिटायची नाहीत. पलीकडे जाऊबाईचं घर तसंच अर्धा ताणा घेऊन उभं. सकाळी दोन्ही ताणे एकाच आळीत, पाठीला पाठ लावून. चालताना मधे हातभर अंतर उरायचं. एकदा दोघींचे कोपर एकमेकींना लागले. दोघीही थांबल्या नाहीत.

मतदानाला चार दिवस उरले असताना दुपारी वारा सुटला. धुळीचा लोट आळीतून गेला आणि फ्लेक्स फाटला. वरच्या कोपऱ्यापासून तिरका चिरत गेला तो थेट तिच्या गालातून, हनुवटीवरून खालच्या लाल ओळीपर्यंत. फाटका तुकडा फडफडून समोरच्या भिंतीवर आपटायला लागला, जसं कुणी दार वाजवतंय. आळीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवर रुमालवाली पोरं बसलेली असायची. त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

म्हातारीनं सुनेला दाभण आणायला सांगितलं आणि मागाचा जाड दोरा घेतला. सुनेला आधी कळेना. मग कळलं तशी ती स्टूल घेऊन धावली. म्हातारी स्टुलावर चढली, सुनेनं तिचे पाय धरले. भर दुपारी, आळीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं तिनं ते शिवायला घेतलं. हाताएवढं नाक, परातीएवढा गाल. दाभण जाड प्लॅस्टिकात घुसायला जोर लागायचा, आणि वारा आला की सगळं कापड तिच्या अंगावर येऊन तिला झाकून टाकायचं. ती स्वतःच्याच गालावर टाके घालत होती आणि तोंडानं स्वतःलाच शिव्या देत होती. दाभण दोनदा बोटात गेलं. समोर जाऊबाई दारात आली. तिनं वर पाहिलं: हिनं ती ओळ, तो थारा नसल्याची ओळ, नीट जागेवर ओढून शिवलेली. म्हातारीला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, तुझ्यासाठीच करतेय हे. पण टपरीवरची पोरं आता उठून बघत होती. जाऊबाईनं दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. दिवसा त्या घराला कधी कडी नसायची.

खाली उतरली तेव्हा थोरला उभा होता. त्याचे डोळे पाणावले होते. त्याला खरंच वाटलं होतं की आईला अखेर पटलं. हातात मोबाइल होता. फोटो काढून झाला होता.

तो फोटो संध्याकाळच्या आत घरोघरी गेला. धाकट्यानं आपल्या मोबाइलवर तिला दाखवला. वर लिहिलं होतं, समाजाचा फलक स्वतःच्या हातांनी शिवणारी माउली. कुणीतरी खाली लिहिलं होतं, अशा आया घरोघरी हव्यात. म्हातारीनं मोबाइल उलटा ठेवला आणि बराच वेळ बोटाला फडकं गुंडाळत बसली.

मतदान झालं. रांगेत दोन्ही बाजूंची माणसं हात बांधून उभी होती आणि आत कोण किती वेळ घेतो ते बघत होती. थोरल्यानं तिला दारापर्यंत सोडलं, परत आली तेव्हा बोटाची शाई तपासली. तिनं बटण कुठलं दाबलं हे विचारलंही नाही, इतकी त्याची खात्री. तिनं कुणाला सांगितलंही नाही. सांगून कुठल्या दाराची कडी निघणार होती.

थोरल्याचा उमेदवार निवडून आला. गुलालाचं वाहन आळीतून गेलं, समोरच्या दारापुढे जरा जास्तच वेळ थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी, धाकटा आणि सून अर्धा ताणा घेऊन रस्त्यावर होती. पलीकडे जाऊबाईचा अर्धा. थोरला आला तो सरळ ताण्याच्या मधे येऊन उभा राहिला. निवडून आलेल्या साहेबांनी त्याला तालुक्याच्या समितीवर घेतलं होतं. आभाराचा मोठा फ्लेक्स लागणार होता, चौकात, आणि त्यावर फलक शिवतानाचा तो फोटो साहेबांना हवा होता. आई, तुझा! त्यानं सांगून टाकलं आणि वाट बघत राहिला.

म्हातारीनं कुंचा खाली ठेवला नाही. धाकट्याला म्हणाली, तू चालत राहा, वाळेल. मग पाठीमागच्या ताण्यावरची पावलं थांबल्याचं तिला ऐकू आलं, तरी तिनं आवाज उतरवला नाही.

"लाव. मला विचारून आधी तरी कुठे लावला होतास? माझं तोंड आता तुमच्याकडे आहे, काय हवं ते बोलायला लावा त्याला. पण या तोंडानं सांगते ते ऐकून जा. तू वाईट असतास तर तुला घराबाहेर काढलं असतं आणि चार दिवस रडून मोकळी झाले असते. तू वाईटही नाहीस. तुला कुणीतरी प्रमुख म्हटलं, आणि तेवढ्यावर तू माझं पन्नास वर्षांचं माणूस देऊन टाकलंस. उद्या मी या रस्त्यात पडले, तर समोरची धावत आली असती. आता ती दारातून बघेल, कारण तिला यायची बंदी. आणि तू येशील. पण आधी फोटो काढशील."